इस्त्री करू नये

भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका मोजल्या,
मायक्रॉनमध्ये.
शहाऐंशी साली कंपनीनं नागोयाला धाडलं, तीन महिने.
येताना कुंदासाठी एक हाओरी आणली:
जुनं रेशीम, आमसुली रंग,
आणि अंगभर बारीक गाठींचे उंचवटे,
थंडीनं काटा यावा तसे.

ती म्हणाली, साडी नाही का मिळाली?
मग म्हणाली, किती चुरगळलंय हे बॅगेत.
आणि मी फर्स्ट शिफ्टला गेल्यावर
कर्वेनगरच्या कोपऱ्यावर हणमंत परिटाकडे देऊन आली.
हणमंताचा हात चांगला.
कोळशाची जड इस्त्री, वर पाण्याचा शिपका.
संध्याकाळी हाओरी परत आली
वर्तमानपत्राच्या घडीत,
पोस्टकार्डासारखी सपाट.
एक रुपया. रेशमाचा म्हणून.

कुण्या बाईनं महिनोन् महिने
रेशीम नखाच्या टोकावर उचलून
एकेक ठिपका दोऱ्यानं आवळला होता,
हे मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?
नंतर वाचलं, रात्री,
जपानी शब्दकोश मांडीवर घेऊन.
कुंदाला बरेच दिवस बोललो नाही.
बोललो तेव्हा ती म्हणाली,
मग तसं लिहून ठेवायचं ना वर.

तिथून लागलं हे वेड.

बुधवारी अर्धी रजा टाकून जुन्या बाजारात जायचं,
मुनीरभाईच्या गठ्ठ्यांत कोपरापर्यंत हात घालायचा.
परदेशी स्वेटर, शाळेचे कोट, कुणाचे तरी पडदे.
डोळ्यांचा उपयोग नाही.
बोटांना काटा लागला की थांबायचं.
"साहेब, लेडीज माल आहे," तो एकदा हळूच म्हणाला.
म्हटलं, माहीत आहे.
बाणेरच्या फुजिमोतोबाई नवऱ्याच्या बदलीनं परत निघाल्या
तेव्हा आईचा किमोनो माझ्या हातात ठेवला.
पैसे घेतले नाहीत. आंबा बर्फी घेतली, अर्धा किलो.

आता सतरा आहेत.
लोखंडी कपाटात, मलमलीत गुंडाळून,
वेखंडाच्या पुरचुंड्यांसकट.
दसरा झाला की एका कोरड्या दिवशी
गच्चीत सावली धरून वारा दाखवतो.
शेजारचे पेठे विचारतात, विकायचे आहेत?
मी इंचात किती गाठी ते मोजत असतो.
उत्तर दिलं तर पुन्हा पहिल्यापासून.

अकराव्या नंबरात, निळ्यात, डाव्या काखेखाली
एक गाठ सोडायची राहून गेली आहे.
दोरा अजून आहे. सात वेढे, भिंगातून.
कारखान्यात असतो तर लाल शिक्का मारला असता.
तिला घरून हाक आली असेल,
किंवा दिव्यातलं तेल संपलं,
किंवा मुद्दामच.
आत एक पांढरा ठिपका असणार, ज्वारीच्या दाण्याएवढा,
बांधला त्या दिवसापासून
उजेड न पाहिलेला.
कात्री दोनदा घेतली.
दोनदा खणात परत ठेवली.

इस्त्रीवाली या सतरांत नाही.
ती कपाटात कधी राहिलीच नाही.
डिसेंबरात पहाटे दुधाची पिशवी घ्यायला
कुंदा ती गाउनवर चढवते, बाह्या दुमडून.
एका बाहीवर हळद आहे,
खिसा नसल्याची तक्रार अडतीस हिवाळे चालू आहे.

परवा ती ओट्याशी पाठमोरी उभी,
मी चष्मा शोधत होतो, तो डोळ्यांवरच होता,
आणि दिसलं:
दोन्ही कोपरांवर रेशीम फुगून वर आलंय,
हात वाकवून वाकवून,
चांगलं गोल.
मोजले. दोन.

म्हटलं, कुंदा, ही आता इस्त्रीला नको हं टाकूस.
ती म्हणाली,
दूध उतू चाललंय,
सर बाजूला.