दोरीचं हे टोक

मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या गोदामात
मंगळवारी आणि शुक्रवारी मी प्राण शिकवतो.
नऊ बायका, दोन पेन्शनर,
आणि खारवलेल्या बांगड्यांचा वास,
जो पूरकात आत येतो
आणि रेचकात बाहेर जात नाही.

भिंतीवर नाड्यांचा तक्ता आहे.
निवतीच्या दमट हवेत त्याला बुरशी धरली,
मणिपूर चक्र तर तीन वर्षांपूर्वीच गेलं.
मी त्या काळ्या डागावर बोट ठेवून सांगतो,
इथे समान वायू राहतो.
कुणी काही विचारत नाही.
सांगतो, मन म्हणजे पडाव, प्राण म्हणजे त्याच्याखालचं पाणी.
पाणी निवलं की पडाव निवतो.
आणि रात्री अडीचला मी जागा असतो,
सोसायटीचं थकीत कर्ज डोक्यात मोजत.

बाबल तांडेल वर्गाला येत नाही.
तो नांगर सोडवतो.
खडपात कुणाचा नांगर अडकला की त्याला निरोप जातो.
नळी नाही, टाकी नाही. सात वाव खाली.
दोनशे रुपये, आणि मासळी असेल तर कालवणापुरती.

परवा पास्कू फर्नांडिसचा नांगर अडकला.
माणूस कमी पडत होता म्हणून मी होडीत.
बाबलने माझ्या हातात दोरी दिली.
'मी ओढलंय तर ओढ. नाय ओढलंय तर गप बस.'
मी विचारलं (मास्तर ना मी!)
कुंभक किती मात्रांचा करतोस?
तो हसला. दात तंबाखूचे.
'दम धरूचो नसता, मास्तर.
धरलेलो दम घाबरता.
तेका बसाक जागा देवक व्हयी.'
आणि गेला.
पाण्यावर साधा डागही राहिला नाही.

मी मोजायला लागलो. वीस. तीस.
पास्कू बिडी पेटवायच्या नादात.
चाळीस.
दोरी सैल.
आपल्या भाषेत सगळं जिवावरच का ढकललेलं असतं?
जीव टांगणीला, जीव वरखाली, जीव कासावीस,
श्वासही तोच आणि काळजीही तीच,
जुन्या माणसांनी दोन शब्द केलेच नाहीत,
का काटकसर होती ती, का त्यांना ठाऊक होतं,
साठ,
साठनंतर मला आकडे आठवत नाहीत.

आठवतं ते एवढंच:
तळव्यात ओली काथ्याची दोरी,
तिचा एक-एक पीळ.
लाटेने होडी उचलली, ठेवली.
आत काही हललं नाही.
थकीत कर्ज नव्हतं.
मी नव्हतो म्हणणं मोठं होईल,
पण ज्याला मी रात्री अडीचला ओळखतो
तो होडीत नव्हता.

मग दोरीने एक झटका खाल्ला,
आणि दूर, भलत्याच बाजूला,
बाबलचं डोकं वर आलं,
नारळ फुटावा तसा त्याचा श्वास फुटला.
त्याच क्षणी मला कळलं
की माझाही थांबला होता.
कधीपासून, कोण जाणे.
कुणी सांगितलं नव्हतं. नाकावर बोटं नव्हती.

'घाबरलात?' त्याने विचारलं,
होडीच्या काठाला हात लावून, नाक शिंकरत.
मी नाही म्हटलं. ते खरं होतं,
आणि खरं असल्यामुळेच नंतर भीती वाटली,
घरी, जेवताना,
सोलकढीची वाटी तोंडाशी नेताना.

शुक्रवारी वर्गात म्हटलं, श्वास सोडा.
पुढचं वाक्य आलं नाही.
बर्फाचं यंत्र मध्येच बंद पडलं
आणि गोदामात इतकी शांतता झाली
की वितळणाऱ्या लादीचा थेंब ऐकू आला.
अकरा माणसं डोळे मिटून बसलेली,
रिकामी, कुठलीही घाई नसलेली.
मग रोहिणी मेथरने एक डोळा उघडला.
'मास्तर, आता घेवचो काय?'

मी तक्त्याकडे पाहिलं.
बुरशी अनाहतापर्यंत आली होती.
घ्या, म्हटलं. हळू. जागा असेल तेवढाच.

रात्री अडीचला जाग आलीच.
समुद्र ओहोटीचा, लांब गेलेला.
काहीतरी धरल्यासारखी
मूठ मिटलेली होती माझी.