सुटी

मार्केट यार्डात, भुसार बाजाराच्या तोंडाशी
माझं औषधांचं दुकान.
मारुती खुटवड पहाटेच यायचा,
मानेवर हळदीची धूळ, कमरेला हात.
"सुट्टी परवडत नाही, शेठ. सुटी गोळी द्या."
मी हसलो. कात्रीनं स्ट्रिप कापली.
चिठ्ठी मागितली नाही.

त्या दिवाळीला ट्रकच्या ट्रक उतरवले त्यानं.
व्यापारी म्हणायचे, गडी लोखंडाचा आहे.
लोखंडाला कुठं दुखतं,
हे काही कुणी विचारलं नाही.

मग दोनाच्या चार, चाराच्या आठ.
मी नाही म्हणालो, तेव्हा
कुणाच्या तरी डिकीतून घेऊ लागला,
बिननावाच्या, पांढऱ्या.
हातगाडीला टेकून उभ्या उभ्या पेंगायचा.
तेच व्यापारी म्हणाले, गर्दुल्ला.
हा शब्दही सुटाच मिळतो.
यालाही चिठ्ठी लागत नाही.

गंगाधामच्या चढावर पडला होता म्हणे.
ओठ निळे.
एकानं चपलेच्या टोकानं हलवून पाहिलं,
दोघांनी मोबाइल काढला.
श्वास चालू होता अजून, थांबत थांबत.
अॅम्ब्युलन्सला फोन केला तो
लिंबं विकणाऱ्या पोरानं.

तेराव्यानंतर सरूबाई आली.
पदराच्या गाठीतून सोडले
स्ट्रिपचे तीन तुकडे,
कडेला माझ्याच कात्रीची वाकडी रेघ.
"या परत घेता का?"

"कापलेली स्ट्रिप परत घेतली जाणार नाही"
अशी पाटी आहे माझ्या काउंटरमागं.
मी उभा राहिलो
पाठीनं ती झाकून.