पूरक प्रश्न

बुधवार. तालिनच्या टेकडीवरचं गुलाबी संसदभवन.
मी सभागृहात खालच्या टेबलाशी, बोटं कळांवर,
जो जे बोलेल ते उतरवून घ्यायला.
बावीस वर्षं झाली. माझं मत कुणी विचारलेलं नाही,
आणि तेच बरं आहे.

लाइदा क्युट उठतात. वोरूच्या. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या;
अजूनही बोलताना दोन बोटं चिमटलेली,
खडू धरल्यासारखी.
'एकशे एकोणीस जवान वाळवंटात धाडताय.
उन्हाळी बूट किती आले?'
खरेदीची प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे, मंत्री म्हणतात.
मी लिहिते: अंतिम टप्प्यात.
हा टप्पा मी ऑक्टोबरातही लिहिला होता.

'बरं. बाहेर उणे अठरा आहे.
उन्हाचा सराव कुठे केलात?'
कागदांची चाळवाचाळव. मागून कुणीतरी चिठ्ठी सरकवतं.
'छावणीच्या सौनामध्ये,' मंत्री वाचतात,
'ऐंशी अंशांवर. रोज वीस मिनिटं. पूर्ण गणवेशात.'
मी कंसात लिहिते: हशा.
बाई हसत नाहीत.
'सौनाचं दार आतून ढकललं की उघडतं, मंत्रिमहोदय.
तिकडे दार कुठल्या बाजूला आहे?'

लाल दिवा. वेळ संपली.
पुढचा प्रश्न दुधाच्या भावाचा.

संध्याकाळी मंत्रालयातून फोन, आवाज अगदी लोण्यासारखा:
'जवान सज्ज आहेत' असं इतिवृत्तात आलंय,
ते 'सज्ज होत आहेत' करता येईल का?
एका शब्दाचा तर प्रश्न.
मी ध्वनिफीत पुन्हा लावते. खोकला, खुर्ची, मग स्पष्ट: आहेत.
'आहेत' आहे तसंच ठेवते.

घरी बहिणीचा ताऊरी आलेला. त्या एकशे एकोणिसांतला.
बूट त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेत,
शिकारीच्या सामानाच्या दुकानातून,
मातकट, टाच अजून लाकडासारखी.
निघण्याआधी पायात मुरायला हवेत, म्हणून
रात्री अकराला फेऱ्या मारतो
खिडकीपासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून खिडकीपर्यंत.
मी विचारते, सौना कसा होता?
'गरम,' म्हणतो.

खालची म्हातारी झाडूचा दांडा छताला ठोकते.
तो थांबतो. मोजा उतरवून टाचेवरचा फोड बघतो,
त्यावर माझ्याकडची चिकटपट्टी लावतो,
आणि पुन्हा चालायला लागतो,
जरा हळू.