आरिया

फाइलवर नाव होतं : हवाई मार्गिका क्रमांक तीन,
चेंबूर ते विमानतळ, सात मिनिटं.
माझ्या वाट्याचं काम साधं.
मार्गिकेखाली जे जे उभं आहे
त्याची उंची मोजायची, रकान्यात भरायची.
अडथळ्याचं नाव. उंची. मालक.

वाशी नाक्याच्या अलीकडे इमारत अकरा, सोळा मजली.
लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली
आणि दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत.
तिपाई खांद्यावर टाकून चढलो.
नवव्यावर थांबलो, घाम पुसला.
बाराव्यावर नुसताच थांबलो.
चौदाव्यावर एक दार सताड उघडं होतं.
"बसा," आतून आवाज आला,
"इथवर आलेल्याला पाणी पाजल्याशिवाय सोडत नाही मी."

दामाजी खरटमल. गोदीत क्रेनवर एकतीस वर्षं.
दोन्ही गुडघ्यांना जुन्या साडीच्या पट्ट्या.
नकाशा पसरायला त्यांनीच स्टुलावरचा रेडिओ उचलला,
निळी रेघ बघून विचारलं, ही कोण?
म्हटलं, टॅक्सी. विजेवरची. हवेतून जाणारी.
हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.
रेघेवर बोट ठेवलं, इमारतीच्या किंचित पुढे.
"इथे दुपारी चारला माहुलच्या खाडीकडून वारा येतो.
या दोन बिल्डिंगांमधून जाताना अंग चोरतो, मांजरासारखा,
आणि पलीकडे निघाला की झेप घेतो.
तुमच्या ड्रायव्हरला सांगून ठेवा."
म्हटलं, पुढेमागे ड्रायव्हर नसणारच आहे.
ते बराच वेळ पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

वाऱ्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.
समासात पेन्सिलीनं लिहिलं : चार वाजता, मांजर.

"इथे थांबेल का?"
नाही म्हटलं. गच्चीवर टाक्या आहेत, मोबाइलचे खांब आहेत,
नियमात बसत नाही. नुसती वरून जाईल.
"मला कुठं जायचंय तिच्यातून?
विमानतळावर माझं कोण बसलंय?
खाली सोडलं असतं, तेवढंच.
अकरा आठवडे झाले जमिनीवर पाय नाही.
धोंडिबाच्या गाडीवर चहाची उधारी राहिलीय."

मग त्यांनी मला गोदीतली भाषा शिकवली.
हबेस म्हणजे उचल.
आरिया म्हणजे सोड, पण हळू,
दोर हाताला विचारत विचारत.
जहाजाच्या पोटातून खलाशी ओरडायचा, तळहात जमिनीकडे करून,
आणि वर काचेच्या डबीत बसलेल्याला
त्याचा चेहरा दिसायचा नाही, फक्त तळहात.
"चढणं पोर्ट ट्रस्टचं होतं साहेब. उतरणं आपलं आपण."

गच्चीवर मोजमाप घेतलं.
दुर्बिणीत मधेच एक घार आली,
डोळ्याला डोळा लावून गेली, आकडा हुकला.
पुन्हा घेतला.

उतरताना ते कठड्याशी उभे होते.
माझ्या हातात तीस रुपये कोंबले, धोंडिबाचे.
मी तेराव्याला वळलो तसा वरून आवाज आला : आरिया.
अकराव्याला पुन्हा. आरिया, आरिया.
जिन्यात अंधार होता, तिपाईचा पाय भिंतीला घासत होता.
सहाव्यानंतर आवाज पोचेना
तरी मी त्याच चालीनं उतरलो,
कुणाचं तरी काचेचं सामान असल्यासारखा.

धोंडिबानं वही काढली, थुंकी लावून पान उलटलं.
"तीस कुठले? बावीस."
आठ रुपये परत दिले,
एक पाचाचं नाणं, तीन रुपयांची चिल्लर.

अहवाल गेला. साहेबांनी समासातलं मांजर खोडलं,
विचारलं, हे काय आहे?
वारा, मी म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि सही केली.

इमारत अकराच्या मालकाचा रकाना अजून वादात आहे.
ते आठ रुपये माझ्या शर्टाच्या खिशात आहेत,
वाकलो की वाजतात.
चौदा मजले वर न्यायचेत.