पस्तीस की अठ्ठावीस

ठाण्यात, कोलबाडच्या गल्लीत,
झेरॉक्सवाल्याच्या माळ्यावर मसुरकर बसतात.
शिडी चढताना डोकं सांभाळायचं.
त्यांनी फडक्यावर दोन भिंगं मांडली,
जुना मध्यस्थ दोन स्थळं सांगतो तशी,
कुणाबद्दलच वाईट न बोलता.

अठ्ठावीस जपानी. अठरा हजार,
वर बसवायची वेगळी खिडकी धरून.
पस्तीस रशियन. साडेसहा.
मागची काच इतकी फुगीर
की आत बसवताना पडद्याला लागेलसं वाटतं,
आणि लागत नाही.

"खोली केवढी?"
दहा बाय दहा. कोपरखैरण्याचं बैठं घर,
माथाड्यांना मिळालेलं. आता वर दोन मजले चढलेत,
खोली तेवढीच.
"मग अठ्ठावीस. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येईल.
फक्त कडेला जो उभा राहील तो पसरेल.
लाटताना पोळी एका बाजूला जाते ना, तसा."

कॅमेरा अण्णांचा.
बटाट्याच्या गाळ्यावरच्या शेठने
थकलेल्या मजुरीपोटी दिलेला,
चालतो अशी शपथ घेऊन. चाललाही.
ज्या मुठीत दिवसभर गोणीची आकडी
तिच्यातच संध्याकाळी ही झोर्की,
अंडं धरावं तशी.
भिंग पन्नासचं. अण्णा डोळा लावून
मागे सरकत सरकत मोरीच्या दाराला टेकायचे.
आयुष्यभर वजनं हलवली त्यांनी,
तेवढं ते दार हललं नाही.

अल्बममध्ये आई आहे, हणमा आहे, मी आहे.
वैजू म्हणजे एक कोपर.
गणपतीत एक वेणी, रिबिनीसकट.
हणमाच्या हळदीला अर्धा कान
आणि कानातलं मात्र पूर्ण.
आईचे पाय एकाही फोटोत नाहीत.

हे सगळं मी मसुरकरांना का सांगितलं, कोण जाणे.
ते पितळी कड्यावरचं वाळलेलं ग्रीस काढत होते.
मान वर न करता म्हणाले,
"मग तिला मधे का नाही उभी केली?"

खाली झेरॉक्सचा उजेड येरझारा घालत होता.
पन्नासमध्येही मावली असती वैजू.
कुणी नुसतं सरक म्हणायला हवं होतं.
अण्णा म्हणाले नाहीत. आई म्हणाली नाही.
मी तर मधेच उभा होतो.

पस्तीस घेतलं.
"वरची खिडकी?"
परवडत नाही.
"मग कॅमेऱ्याच्या खिडकीत पन्नासचंच दिसेल.
येईल मात्र त्याहून जास्त.
आणि मागे जाऊ नका. सवय असेल, तरी जाऊ नका."

रविवारी वैजू घणसोलीहून आली,
डब्यात घेवड्याची आमटी.
सरक मधे, मी म्हटलं.
"काय झालंय तुला?" म्हणाली,
आणि माझ्या हातातून कॅमेराच काढून घेतला.

"दादा, तू दोन दिसतोयस."
कडं फिरव. एक होईस्तोवर.
फिरवत राहिली. हणमाने दोनदा चहाकडे पाहिलं.
"झालास. पण हणमा बाहेर जातोय, आणि आई अर्धीच."
येतील, म्हटलं. दिसले नाहीत तरी येतील.
तिला पटलं नाही.
एक पाऊल मागे घेतलं तिने, मग थांबली,
दोन पुढे आली, इतकी
की तिच्या साडीला फोडणीचा वास आहे हे मला कळलं.
आणि दाबलं.

रोलमध्ये अजून नऊ बाकी आहेत.
वैजू पुढच्या रविवारी येते म्हणाली,
मधे उभी राहीन असं काही म्हणाली नाही.
आई मात्र रोज विचारते,
पाय आलेत का रे माझे.