अठ्ठावीस दिवसांचा महिना

कॅलेंडरवर महिना तीस-एकतीसचा,
राजेंद्रनगरात अठ्ठावीसचा.
एकोणतिसाव्या दिवशी सकाळी
फोन नुसतं घड्याळ होतो,
टॉर्च असलेलं.
पगार सात तारखेला.
मधले दिवस कधी तीन, कधी नऊ,
ते कुठल्याच महिन्यात नाहीत.
रिचार्जचे तेरा महिने भरतो आम्ही,
पगाराचे बाराच मिळतात.

मी उद्यमनगरात फेटलिंगला.
कास्टिंगची कडा ग्राइंडरवर धरायची,
ठिणग्या छातीपर्यंत येऊ द्यायच्या.
लोखंड गुळगुळीत झालं
आणि बोटंही.
सेकंडहँड फोन घेतला, अंगठा लावला,
म्हणाला, पुन्हा प्रयत्न करा.
केला.
रेशनच्या मशीननं आईला हेच सांगितलेलं,
तिच्या रेषा चपलांच्या वाद्या ओढून गेल्या.
आमच्या घरात बोट शाबूत एकीचंच,
संपदाचं. नववीत हाय.

आकडे टाकून उघडावा तर
खालचा उजवा कोपरा मेलाय.
पापाच्या तिकटीला सायकल घसरली
तेव्हापासून काच तिथं ऐकत नाही.
म्हणून रोज सकाळी
संपदा दप्तर पाठीला लावून बोट टेकवते,
आणि मी दिवसभर त्याला झोपू देत नाही.
दर दोन मिनिटांनी काच चोळायची,
तान्ह्या पोराला थोपटतात
त्याच्या उलटं.
जेवायच्या सुट्टीपर्यंत बॅटरी बसते.

लॉकच काढून टाक म्हटलं,
तर म्हणाली,
मग ह्यात माझं काय ऱ्हायलं, दादा?

रात्री टाकीच्या कट्ट्यावर सातआठ जण.
इम्तियाज शिकलगारच्या हॉटस्पॉटचं नाव
'मागू नका'.
सगळे मागतात.
तो शिव्या देत देतो,
चहापावडर उसनी द्यावी तसा, वाटीभर.
बाराला नवा दीड जीबी येतो.
नळाला पाणी यायच्या वेळी
बायका जशा जाग्या असतात
तसे आम्ही.

कोण सेकंडहँड बुलेट बघतं,
कोण बर्फातला लाकूडतोड्या.
मी सीएनसी शिकतोय.
हिंदीत शिकवणारा कुणी एक माणूस,
चेहरा कधी दाखवत नाही, फक्त हात.
बोटं स्वच्छ.
चाळीस व्हिडिओ, दीडपट वेगानं;
डेटा तेवढाच जातो,
झोप वाचते थोडी.
एकतीस झाले
आणि महिना संपला.
इम्तियाजचाही. त्याच्या बापाचं डायलिसिस चाललंय,
त्याला ह्या टायमाला कुणी मागितलं नाही.

आज एकोणतिसावा.
मशीनवर लाईट गेली म्हणून
बाहेर लोखंडाच्या चुऱ्यावर बसलो,
सवयीनं काच चोळत.
अंगठा कुठं लागला देव जाणे,
जुना शोध उघडला. सगळा तिचा:

वर्गसमीकरण सोप्या पद्धतीने
चौदाव्या वर्षी काम केले तर पोलीस पकडतात का
सीएनसी ऑपरेटर पगार कोल्हापूर
बोटांवरच्या रेषा परत येतात का

शेवटच्यावर बोट ठेवलं.
वर्तुळ फिरायला लागलं.
फिरतच राहिलं.
मग कळलं,
कुठलं फिरतंय, आज नेट कुठलं.

एवढं तरी कळलं,
की उत्तर तिनं वाचलंय.
आणि मला सांगितलं नाही.

संध्याकाळी दारात चप्पल काढेपर्यंत
फोन झोपला होता.
तिनं वहीतून मान न काढता
हात पुढं केला, बोट टेकवलं,
परत दिला.
काय झालंय, म्हणाली, आज लै गप हाईस.
काय न्हाई.
मी माझा हात खिशात घातला.
वीस टक्के ऱ्हायल्यात, म्हणाली,
चार्जिंगला लाव.