होडी एकच

डेल्मरला हवा पांढरा बास:
सीगल जिथं झडप घालतात
तिथं पाणी आधण आल्यासारखं खदखदतं
दहा मिनिटं, की संपलं.

लायलला कॅटफिश.
तळाशी गळ सोडून तासन्‌तास गप्प.
बोटांना कोंबडीच्या काळजाचा वास,
रविवारी चर्चमध्येसुद्धा.

बापाचं आमिषाचं दुकान विकल्यापासून
भाऊ भावाशी बोलत नाही.
इंजिनाचा हप्ता मात्र निम्मा-निम्मा.

आज टेक्सोमावर ऊन चढताना
लायलची काठी वाकली, शेंडा पाण्यात.
नेमकी तेव्हाच डेल्मरपुढे बासची झुंड फुटली.
त्यानं तिकडे पाहिलं. मग इकडे.
आपली दोरी गुंडाळली,
जाळी उचलली, म्हणाला,
"कल्ल्यामागचा काटा सांभाळ. लागतो."

चाळीस वर्षं कॅटफिशच धरणाऱ्या
माणसाला.